माझ्या पोटातले चार व्हॉल्व

मित्रांनो, माळ्यावर पडलेला मी एक जुना, मुका रेडिओ आहे. पण माझाही एक काळ होता, बरं का!

मोतीरामभाऊंनी मला खामगावहून पिंपळगाव राजाला आणलं, तेव्हा घरात वीज नव्हती. मी बॅटरीवर चालायचो. माझ्या पोटात दिव्यासारखे काचेचे चार नाजूक व्हॉल्व होते; त्यांच्याच जोरावर मी बोलायचो. भाऊंच्या घरधनीण अन्नपूर्णाबाई रोज पदराने माझी धूळ पुसायच्या. केवढा मान होता मला!

एकदा त्यांच्या लेकीचं, वच्छलाचं पत्र आलं. ती बुलढाण्याला मास्तरणीचं शिकत होती. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला नागपूर केंद्रावर ती जात्यावरच्या ओव्या म्हणणार होती. अन्नपूर्णाबाईंनी सगळ्या आळीला बोलावणं धाडलं.

नेमकी तेव्हाच माझी बॅटरी उतरली. आवाज पार बारीक झाला. त्याच महिन्यात घरात वीज आली होती, म्हणून शुक्रवारी भाऊंनी कडूबाला बोलावलं. तो विहिरींवर मोटारी बसवायचा.

"आता लाइन आली ना भाऊ, मंग ब्याटरी काऊन पाह्यजे?" कडूबा म्हणाला.

"आंदी खोलून त पाह्य बे, आत काय हाये ते."

"एवढ्या मोटारी बसवल्या म्या, हे त खेळनं हाये!"

अरे बाबा, मोटार वेगळी, मी वेगळा! पण मला स्वतःचं बोलणं कुठं येतं? त्याने बॅटरीच्या तारा तोडून प्लग जोडला आणि बटण दाबलं. आत लख्खकन उजेड झाला, जळका वास सुटला. चारही व्हॉल्व गेले. गावात दुसरा चालू रेडिओ तेव्हा नव्हता. साडेसहा वाजले. आलेल्या बाया हळूहळू उठून गेल्या. अन्नपूर्णाबाई मात्र सात वाजेपर्यंत माझ्या जाळीला कान लावून बसून होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे खामगावच्या मेकॅनिकने मला उघडलं. व्हॉल्ववरचे आकडे वाचून तो म्हणाला, "हे ब्याटरीचे व्हॉल्व हायेत, लाइनचा जोर यायले सोसत नाही. आंदी वाचलं असतं, त लाइन जोडलीच नसती." तसले नवे काही मिळाले नाहीत.

दिवाळीत वच्छला आली. पिशवी खाली ठेवायच्या आत तिने विचारलं, "माय, शेवटची ओवी ऐकली ना वं? ते म्या तुह्यावर रचली होती."

अन्नपूर्णाबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "हाव बाई, ऐकली. लय गोड म्हटली," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, यंत्रात काही नवं जोडायचं असेल, तर आधी झाकण काढा. आत काय काय आहे ते नीट ओळखा, आकडे वाचा. हात जोडून सांगतो, घाई करू नका. ती ओवी काय होती, हे अन्नपूर्णाबाईंना लेकीला कधी विचारता आलं नाही.