तीन वर्षांच्या रजा

कामगार खात्याचं पत्र आलं आणि मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. यापुढे तपासणीचे साहेब आगाऊ कळवून येणार नव्हते, आणि आल्या आल्या मागच्या तीन वर्षांचं रजेचं रजिस्टर मागणार होते. आता या धुलाई कारखान्यात रजेचं रजिस्टर कुठून यायचं? रजाच कोणाला मिळत नव्हत्या, तर रजिस्टर काय देव्हाऱ्यात ठेवायला करणार होते?

मालक तसे वाईट नव्हते, भित्रे होते. आठ दिवसांत त्यांनी कायद्याचा सपाटाच लावला. भिंतीवर प्रथमोपचाराची पेटी आली. सोड्याची पोती ठेवायच्या खोलीवर 'विश्रांती कक्ष' अशी पाटी लागली. पोती मात्र आतच राहिली. दहा नव्या खुर्च्या आल्या. घड्या घालणाऱ्या बायका इतकी वर्षं उभ्यानेच घड्या घालत आलेल्या. त्या खुर्च्यांकडे नुसत्या बघत राहिल्या. वरचं प्लास्टिकसुद्धा कोणी काढलं नाही.

"बसा की गं," मुकादम ताई म्हणाल्या.

"आधी तुम्ही बसा ताई," एक जण म्हणाली, "म्हणजे आम्हाला कळेल, ओरडा खावा लागत नाही ते."

ताईही बसल्या नाहीत. पंचवीस वर्षांपूर्वी त्या याच टेबलाशी उभ्या राहिल्या होत्या, आणि मुकादम झाल्यावरही उभ्याच होत्या. सगळा कारखाना त्यांना ताई म्हणायचा, कारण त्यांचा सख्खा धाकटा भाऊ तिथेच इस्त्रीच्या रोलरवर होता आणि त्याच्या तोंडून सगळ्यांनी ते उचललं होतं. गेल्या दीड वर्षात मात्र तो एकटाच त्यांना ताई म्हणत नव्हता. बाई म्हणायचा, परक्यासारखा. तेही कामापुरतं.

त्याचं कारण असं. दीड वर्षापूर्वी एका बुधवारी सकाळी साडेदहाला तो रोलर सोडून आला होता. "ताई, हॉस्पिटलातून निरोप आलाय. आईचं काही खरं नाही. जाऊ दे मला." दोनच्या गाडीने चारशे चादरी जायच्या होत्या आणि रोलर चालवणारा तो एकटा. ताई म्हणाल्या, "दोनची गाडी जाऊ दे रे, मग दोघं मिळून जाऊ." गाडी सव्वादोनला गेली. आई एक वाजताच गेली होती. चादरी त्याच हॉस्पिटलच्या होत्या.

तर आता मालकांनी ताईंपुढे एक कोरं रजिस्टर ठेवलं. "तुमचं अक्षर चांगलं आहे. तीन निरनिराळी पेनं घ्या, एका बैठकीत लिहिल्यासारखं दिसायला नको. मधेच जरा चहा सांडा. वाचणाऱ्याला खरं वाटलं पाहिजे, बास."

ताईंनी आधी मनाला येतील त्या तारखा टाकल्या. पण ते वाचताना त्यांनाच हसू आलं. सगळा कारखाना सोमवारी आजारी! मग त्यांनी आठवून लिहायला घेतलं. कोणी कधी रजा मागितली होती, कशासाठी, सगळं त्यांच्या लक्षात होतं. नाही म्हणणाऱ्या त्याच होत्या, तर लक्षात राहणार नाही का! 'मुलीचं ऑपरेशन.' 'नवऱ्याचा पाय मोडला.' 'घर बदललं.' ज्याने जे मागितलं, ते ताई आता भरभरून देत होत्या. तिसऱ्या दिवशी भावाचं पान आलं. मंगळवार ते गुरुवार, त्यांनी लिहिलं. कारण: आईचं आजारपण. लिहून झालं आणि क्षणभर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. खोटं लिहून इतकं बरं वाटावं, याची त्यांना लाज वाटली.

जेवणाच्या सुट्टीत सह्यांसाठी रांग लागली.

"अगंबाई, मी गेले होते होय ऑपरेशनला?" घड्यांवरची एक जण म्हणाली. "मला कोणी सांगितलंच नाही!" बायका खो खो हसल्या. मग हसणाऱ्या एकेकीने आपलं पान पाहिलं आणि हसू विरलं. पण सह्या सगळ्यांनी केल्या.

भाऊ शेवटी आला. हात पुसून त्याने पान वाचलं. बोट एका ओळीवर थांबलं.

"म्हणजे मी तिथे होतो," तो म्हणाला.

ताई रजिस्टरची कड टेबलाशी सरळ करू लागल्या.

"मग शेवटचं काय बोलली ती माझ्याशी? तेही लिहा ना, बाई. इथे जागा आहे."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर ताईंनी तो सोसला असता. त्याने पेन उचललं. "करतो सही. माझं घर चालतंय यावर."

ताईंनी पानावर पंजा ठेवला. "नको करूस."

"बाई, हात काढा."

"नको म्हणते ना!" त्यांनी त्याच्या हातातून पेन घेतलं, ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं: बुधवारी रजा मागितली. मी दिली नाही. त्याखाली स्वतःची सही केली. मग पहिलं पान उघडलं आणि ऑपरेशनची ओळ खोडली.

मालक धावत आले. "ताई, डोकं ठिकाणावर आहे का? साहेबांनी हे वाचलं तर आपण सगळेच गोत्यात येऊ! तुम्ही तर पहिल्या!"

"वाचणाऱ्याला खरं वाटलं पाहिजे म्हणाला होतात," ताई म्हणाल्या. "आता वाटेल."

"अहो, पण दोनची गाडी! चादरी कोण भरणार?"

"थांबू दे आज गाडी."

ताई उभ्याने, टेबलावर वाकून लिहीत होत्या. मागितली. दिली नाही. पान उलटायचं. मागितली. दिली नाही.

मागे टराटरा काहीतरी फाटल्याचा आवाज आला. भावाने एका खुर्चीचं प्लास्टिक ओढून काढलं होतं. खुर्ची त्याने ताईंच्या मागे आणून ठेवली. त्यांच्याकडे पाहिलं मात्र नाही.

"बस, ताई," तो म्हणाला. "चाळीस पानं आहेत."