ड्यूकची सासुरवाडी

सांता क्लारातली नोकरी गेल्यावर विनयने काही महिने तग धरला. शेवटी सुवर्णाच म्हणाली, ‘‘बाळंतपण होईपर्यंत बाबांकडे जाऊ या. तेही एकटेच आहेत.’’ तिला पाचवा महिना होता. विनयला नाही म्हणता येईना. चिमुरड्या इशिताला घेऊन ती दोघं दूर नोव्हाय गावी, त्याच्या सासऱ्यांकडे आली.

सासरे, यशोधन, मोटारींच्या कारखान्यातले निवृत्त इंजिनिअर. तरुणपणी ते जर्मनीत, ब्राउनश्वाइगला नोकरीला होते. तिथल्या मोठ्या चर्चमध्ये बाराव्या शतकातला ड्यूक हाइनरिश आणि त्याची बायको माटिल्डा यांची शेजारी शेजारी समाधी आहे. नव्या नवरीला घेऊन ते रविवारी तिथे जाऊन बसायचे. पत्नी गेल्यापासून तर त्यांना त्या ड्यूकचा जास्तच लळा लागला होता. आता लायब्ररीत त्याच्यावर भाषण करायचं होतं, आणि स्लाइड्स करायचं काम विनयकडे आलं.

‘‘लिहा विनयराव,’’ ते उत्साहाने सांगत होते. ‘‘सम्राट म्हणजे याचा सख्खा आतेभाऊ. त्याचं याच्याशी बिनसलं आणि याची सगळी सत्ता गेली. देश सोडावा लागला. मग बायकामुलांना घेऊन हा गेला सासऱ्याकडे, इंग्लंडच्या राजाकडे. काही वर्षं तिथेच राहिला. एक मुलगाही तिथेच झाला.’’

विनयची बोटं कीबोर्डवर थांबली.

‘‘बाबा, ही स्लाइड ड्रॉप करू या का?’’

‘‘का हो?’’

‘‘इथल्या मराठी मंडळातले सगळे येणार. मी इथे का राहतोय ते त्यांना माहीत आहे.’’

यशोधन आधी गोंधळले. मग त्यांच्या ध्यानात आलं. खुर्ची ओढून ते त्याच्या जवळ बसले.

‘‘देवाशपथ, माझ्या डोक्यातही नव्हतं. मी आपला त्या सासऱ्याचा विचार करत होतो. एवढा मोठा राजा, पण पोरांशी भांडणं, बायको कैदेत. त्यात लेक परत आली, नातवंडं आली. काय बरं वाटलं असेल त्याला. तुम्ही येण्याआधी मी जेवताना टीव्ही लावून ठेवायचो. कोणीतरी बोलत असावं म्हणून. तुम्हाला नको असेल तर काढून टाका ती स्लाइड.’’

विनयने ती काढली नाही.

भाषणाच्या दिवशी यशोधन समाधीच्या फोटोपर्यंत आले आणि बोलायचे थांबले. पाण्याचा घोट घेतला, तरी आवाज फुटेना. विनय लॅपटॉपपाशी होता. तो उठून त्यांच्या शेजारी उभा राहिला आणि पुढचं त्यानेच सांगितलं: ड्यूक पुन्हा देशोधडीला लागला तेव्हा माटिल्डा घर सांभाळायला मागे राहिली, आणि तो दूर असतानाच वारली. सासुरवाडीच्या स्लाइडवर यशोधन काही न सांगताच पुढे गेले होते, ती हकिगतही त्याने मागाहून सांगितली. कोणी हसलं नाही. पहिल्या रांगेतल्या एक काकू डोळे पुसत होत्या.

उन्हाळ्यात मुलगा झाला, आणि त्यानंतर विनयला नोव्हायमध्येच नोकरी लागली. जवळच अपार्टमेंट मिळालं. सामान लागायच्या आत यशोधन सकाळीच हजर झाले. बसायला खुर्ची नव्हती. ते एका खोक्यावर टेकले, नातवाला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, ‘‘विनयराव, चहा टाका.’’