लाल टिकलीचं बटण

"ह्या डबड्याला खिडकीखालची जागा, आन् माझी कांड्यांची पाटी मातूर पायात!" कांड्या भरणाऱ्या धोंडुबाई अगदी माझ्या कानाशी पुटपुटल्या.

मित्रांनो, ते डबडं म्हणजे मी. कबनूरच्या एका यंत्रमागाच्या शेडमधला म्हातारा लॅपटॉप.

माझी उमेदीची वर्षं शाहूपुरीतल्या फोटो स्टुडिओत गेली. किती नवऱ्यामुलींच्या गालांवरची मुरमं मी पुसली! "काय मशीन हाय!" असं लोक म्हणायचे. मग नवा संगणक आला आणि मी कपाटावर धूळ खात पडलो. बिजागरी तुटली, बॅटरी मेली. तिथून आदिती नावाच्या मुलीनं मला घरी आणलं, चिकटपट्टी लावली आणि माझ्यावरच ती प्रोग्रॅम लिहायला शिकली. ते दिवस सुखाचे होते. भीती म्हणजे काय, ते या शेडमध्ये कळलं.

शेड आदितीच्या वडिलांची, अण्णाप्पांची. घरचे-दारचे सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. बारा माग एकदम सुरू झाले की माझा पडदासुद्धा थरथरतो. गेल्या महिन्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरताना धोंडुबाईंचा पदर मशीनच्या पट्ट्यात गेला. त्या किंचाळल्या. अण्णा चार पावलांवर पाठमोरे उभे होते, ते वळलेच नाहीत. कामगार आकाराम पार पलीकडच्या टोकाकडून धावत आला, म्हणून बाई वाचल्या.

"आवाज केवढा असतोय की हितं," अण्णांच्या पत्नी अक्काताई म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. आकारामला लांबून कसं ऐकू आलं, हे कोणी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात आदितीनं माझ्यावर एक वेबपान तयार केलं. धोंडुबाईंच्या कपाळाची लाल टिकली माझ्या सगळ्यात लांब बटणावर, स्पेसबारवर, चिकटवली. ती दाबली की पान लाल व्हायचं. तेच पान अण्णांच्या फोनवर उघडलं तर खिशातला फोन थरथरणार होता. पण फोनला पान सापडेना. चूक माझी होती. ते पान माझ्या पोटातच चालत होतं, बाहेरच्याची हाक मी ऐकतच नव्हतो. आदितीनं एक ओळ बदलून मला शेडच्या वायफायवरची कुणाचीही हाक ऐकायला लावलं. तरी माझा पहारेकरी, फायरवॉल, आडवा आला. "एवढ्या एकाच दारातून येऊ दे," असं तिनं त्यालाही समजावलं. उघड्या दाराची मला धडकीच भरली. कोण येईल, काय उचलून नेईल! आणि इतकं करूनही फोन काही येईना. शेवटी कळलं, अण्णांचा फोन शेडच्या वायफायवर नव्हताच, स्वतःच्या नेटवर फिरत होता. तो जोडला, टिकली दाबली आणि अण्णा ताडकन उडाले.

"खिशात उंदीर शिरला की काय गं?"

सगळे पोट धरून हसले. "पर हे कशाला म्हणायचं?" अण्णांनी विचारलं.

"आवाज असतोय न्हवं, अण्णा," आदिती त्यांच्या तोंडासमोर येऊन, एकेक शब्द सुटा करत म्हणाली.

मंगळवारी दुपारी वीज गेली. बॅटरी मेलेली, त्यामुळं मीही विझलो. वीज आल्यावर धोंडुबाईंनी मला चालू केलं. पान आपसूक उघडलं, माग खडखडू लागले. पण वायफायच्या डब्यानं मला नवा पत्ता दिला होता. पत्त्याच्या शेवटी आधी पंचवीस होतं, आता एकतीस. अण्णांचा फोन जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहिला. मला हे कळत होतं, पण सांगायचं कुणाला?

अण्णा एका मागावर ओणवे होऊन तुटलेला धागा जोडत होते. खांद्यावरचा टॉवेल घसरत होता, आणि मागे दुसऱ्या मागाचा पट्टा गरगरत होता. टॉवेलच्या टोकात आणि पट्ट्यात वीतभर अंतर. धोंडुबाई ओरडल्या. मग त्यांनी टिकली दाबली. परत दाबली. मी लालभडक झालो. अण्णांचा खिसा काही हलला नाही. मित्रांनो, मला पाय असते तर! अंतर चार बोटांवर आलं, तशी धोंडुबाईंनी पाटी लाथाडली, धावत जाऊन मागांचा मोठा स्विच खाली ओढला.

बारा माग गप्प झाले. माझ्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"अण्णा!" धोंडुबाईंनी हाक मारली.

अण्णा वळले नाहीत. थांबलेल्या मागाकडे बघत ते म्हणाले, "परत लाईट गेली व्हय?"

त्यांच्या डोक्यावर दिवा जळत होता.

माग अचानक थांबलेले ऐकून घरातून आदिती आणि अक्काताई, बाहेरून आकाराम पळत आले. आदितीनं माझा पडदा पाहिला. "पत्ता बदललाय. माझी चूक. तो कायमचा बांधून ठेवायला पायजे होता."

"तुझी कसली? ह्या डबड्याचीच चूक," अक्काताई घाईनं म्हणाल्या. आकारामनं मान डोलावली.

मी ते सोसायला तयार होतो. इतके दिवस आवाजाचं नाव पुढं करत होते, आता माझं. मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांना जपा. वीज येऊन-जाऊन झाली की आमचा पत्ता तपासा, आमचं दार गरजेपुरतंच उघडा. पण माणसाचं दुखणं आमच्या गळ्यात बांधू नका. आम्हाला 'नाही' म्हणता येत नाही, आणि माणूस तसाच पट्ट्यापाशी उभा राहतो.

अण्णा एकेकाच्या ओठांकडे बघत होते. मग त्यांनी टॉवेलचं टोक पाहिलं, स्विचवरचा धोंडुबाईंचा हात पाहिला. सावकाश चालत ते माझ्यापाशी आले आणि खिशातला फोन काढून टिकलीच्या शेजारी ठेवला.

"त्याला नका बोलू," ते म्हणाले. "मलाच ऐकू येत न्हाय. दोन वर्सं झाली."