पिवळा फाळका

मित्रांनो, मी एक जुनी स्प्रे गन आहे. नावात गन असली तरी घाबरू नका, माझ्यातून गोळी सुटत नाही. रंग सुटतो. राजुऱ्याहून बाहेर पडणाऱ्या रस्त्यावर, कडुनिंबाशेजारी, पत्र्याचं एक गॅरेज आहे. तिथे खिळ्याला टांगलेली मी तुम्हाला दिसेन.

माझा जन्म कुठल्यातरी कारखान्यात झाला. वितळलेला धातू साच्यात ओतला, घासला, चकाकवला. डोक्यावर रंगाचा कप बसवला, पोटाखाली हवेची नळी जोडायची जागा केली आणि तोंडाशी नोझल लावलं. नोझल म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढं भोक असलेली टोपी. आमचा सगळा जीव त्या भोकात असतो. कॉम्प्रेसरची हवा जोरानं येते, रंगाला फोडते आणि त्याचं धुकं करून पत्र्यावर पसरवते.

चंद्रपूरच्या एका दुकानातून मला दिनेशभाऊंनी उचललं. ते गाड्या रंगवायचे. मला हातात धरून त्यांनी दोनदा नुसताच घोडा दाबला आणि हसले. त्या हसण्यावरच मी त्यांची झाले.

लोकांना वाटतं, गाडी रंगवायची म्हणजे रंग मारायचा. तसं नसतं. आधी ठोकून ठोकून पत्र्याचा पोचा काढायचा. उरलेला खड्डा पुट्टीनं भरायचा. मग पाणी मारत पॉलिश पेपरनं घासायचं, इतकं की डोळे मिटून हात फिरवला तरी जोड लागू नये. त्यावर प्रायमर, म्हणजे रंगाला धरून ठेवणारा पहिला थर. त्यानंतर माझी पाळी. घासायचं काम दिनेशभाऊंच्या पत्नी साधनाबाई करायच्या. काचांवर कागद चिकटवणंही त्यांचंच. मला मात्र त्यांनी कधी हातात धरलं नव्हतं.

काय दिवस होते ते! कोळशाचे ट्रक काळेकुट्ट होऊन यायचे आणि नवरदेवासारखे सजून जायचे. मालक बॉनेटमध्ये स्वतःचं तोंड बघून मिशा पिळायचे. दसऱ्याला कॉम्प्रेसरला झेंडूचा हार असायचा आणि मलाही कुंकवाचं बोट लागायचं. रोज काम संपलं की दिनेशभाऊ मला थिनरनं स्वच्छ धुवायचे. पण स्वतःची काळजी? ती नाही. तोंडाला नुसता दुपट्टा गुंडाळायचे. साधनाबाई मास्क आणा म्हणाल्या की त्यांना म्हणायचे, "मले काई होत नाई. रंग माह्या सवयीचा झाला."

मित्रांनो, रंगाचं धुकं कुणाच्या सवयीचं होत नाही. जे पत्र्यावर बसतं तेच छातीतही बसतं. आधी खोकला आला, मग जिना चढताना धाप लागू लागली. शेवटी चंद्रपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता गन हातात धरायची नाही.

त्या दिवशी दिनेशभाऊ गॅरेजला लागूनच असलेल्या घरी आले, मला पेटीत टाकलं आणि झाकण लावलं. धुतलंही नाही. माझ्या घशात सकाळचा लाल रंग तसाच वाळला. बाहेर ते दिवसभर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहत. साधनाबाई लहानसहान घासकाम घेऊन गॅरेज उघडं ठेवत. अंधारात मी विचार करायचे, आपण आता भंगारात जाणार. वाईट त्याचं नव्हतं वाटत. वाईट वाटायचं ते बाहेरच्या त्या मुक्या माणसाचं.

मग कापसाच्या हंगामात सोमाजीभाऊ आले. जवळच्या गावचे शेतकरी, ट्रॅक्टरवाले. त्यांचं बोलणं मला पेटीतही ऐकू येत होतं.

झालं होतं असं. कापूस भरलेल्या त्यांच्या ट्रॉलीचं चाक रस्त्यात पंक्चर झालं. दिवस मावळत होता, कोळशाची धूळ हवेत तरंगत होती. त्यांनी आदेशला, आपल्या मुलाला, फोन करून जॅक आणायला सांगितलं. आदेश मोटारसायकलवर जॅक घेऊन निघाला आणि ज्या ट्रॉलीसाठी निघाला होता, तिच्याच फाळक्यावर मागून आदळला. फाळका म्हणजे ट्रॉलीचा मागचा पत्रा. गंजून, चिखलानं माखून तो रस्त्याच्याच रंगाचा झाला होता. पोरगा वाचला, पण मांडीचं हाड मोडलं.

"मी तिथंच उभा होतो, दिनेशभाऊ," सोमाजीभाऊ म्हणाले. "हात हलवून राह्यलो होतो. त्याले मी दिसलो नाई, ना ट्रॉली दिसली. मले तो फाळका असा रंगवून दे, का कोणालेई दुरून दिसला पायजे."

खाटेवरून उत्तर आलं, "माह्याच्यानं होत नाई आता. दुसरीकडं जा."

"बाकीच्यायले ट्रकाईतून फुरसत नाई. कुठी जाऊ?"

मग माझ्या पेटीचं झाकण उघडलं. उजेडात साधनाबाईंचा चेहरा दिसला. त्यांनी मला उचललं, थिनरच्या डब्यात बुडवलं आणि नोझलमधला वाळका रंग काढायला तारेचा तुकडा घेतला.

"तार नको घालू!"

केवढा आवाज होता तो! दिनेशभाऊ खाटेवर उठून बसले होते. "भोक मोठं होईल. सारी गन वाया जाईल. बांबूची काडी घे. अन् ते रबराचं वायसर काढून ठेव आधी, थिनरात फुगते ते!"

कित्येक दिवसांनी त्या घरात कुणी कुणावर ओरडलं होतं. साधनाबाईंनी पदरानं डोळे पुसले, वर हसून म्हणाल्या, "मंग तिथूनच सांगा ना. मले कोणतं समजते!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही गालांवर डबे असलेला खरा मास्क बांधला. दिनेशभाऊंची खुर्ची रस्त्याच्या पलीकडे ठेवली, वारा तिकडून इकडे येतो हे बघून. गंज घासला, प्रायमर वाळला आणि माझ्या कपात पिवळा रंग पडला. साधनाबाईंनी मला दोन्ही हातांनी घट्ट आवळलं. ते चुकतंय हे मला कळत होतं, पण मी काय करणार!

पहिला हात मारला. रंग जास्त सुटला, ओघळला आणि फाळक्यावरून अश्रूंसारखा खाली आला. साधनाबाईंनी मला खाली ठेवलं.

"जाऊ द्या. हे माह्यं काम नाई."

रस्त्यापलीकडून दिनेशभाऊ म्हणाले, "माह्या पयल्या गाडीवर याच्याऊन जास्त ओघळ होते. उस्तादानं अख्खं दार परत घासाले लावलं होतं. वाळू दे त्याले. घासू अन् परत मारू. गन एक वीत दूर ठेव. हात भिंत सारवल्यासारखा सरळ ने, कडेले आला का घोडा सोड. अन् रंगात थोडं थिनर घाल, नाई तं संत्र्याच्या सालीसारखे खड्डे पडते."

भिंत सारवणं! ते तर साधनाबाईंच्या हातात लहानपणापासून होतं. पुन्हा घासलं, पुन्हा मारलं. या वेळी हात सरळ गेला, एका पट्ट्यावर दुसरा निम्मा चढला, आणि गंजका फाळका धानाच्या पिकल्या शेतासारखा पिवळा झाला. त्यावर लाल तिरपे पट्टे आणि कडांना रेडियमची पट्टी, म्हणजे गाडीचा दिवा पडला की चमकणारी चिकटपट्टी.

सोमाजीभाऊ दूर चालत गेले, वळून उभे राहिले आणि तिथूनच ओरडले, "दिसते! इथूनई दिसते!"

मग गावोगावच्या ट्रॉल्या येऊ लागल्या. सोमाजीभाऊंनीच त्या पाठवल्या. आदेशही कुबडी टेकत आला आणि फाळक्यावर हात फिरवून गेला. दिनेशभाऊंची छाती पूर्ण बरी झाली नाही, होणारही नाही. पण ते खुर्चीवरून दिवसभर बोलतात, चुका काढतात, आणि कुणी काम वाखाणलं तर म्हणतात, "बाईले विचारा, रंग तिचा आहे."

मी सगळ्यांची ऋणी आहे. ज्यांनी मला घडवलं त्यांची, ज्यांनी मला चालवलं त्यांची, आणि ज्यांनी मला अंधारातून काढलं त्यांची तर जास्तच. आता मी थकले आहे. माझा घोडा सैल झालाय आणि साधनाबाईंनी नवी बहीणही आणली आहे. तरी पिवळा रंग असला की हात माझ्याकडेच येतो.

परवा संध्याकाळी अशीच एक भरलेली ट्रॉली गॅरेजसमोर रस्त्याच्या कडेला थांबली होती. मागून एक मोटारसायकल आली, पुढे बाप, मागे आई, मध्ये लेकरू. दिव्यात आम्ही रंगवलेला फाळका झळकला, गाडी मंदावली, बाजूनं वळली आणि निघून गेली. काहीच घडलं नाही, मित्रांनो. तेवढ्यासाठीच आम्ही राबलो.

तुमच्या घरी कुणी रंगात, धुळीत, धुरात काम करत असेल, तर त्यांना आज मास्क आणून द्या. ते नको म्हणतील. तुम्ही ऐकू नका.