पैलवानाचं आतडं

कुलपं दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे पैलवान म्हणत. कुस्ती त्याने जन्मात केली नव्हती, पण खांदे असे की तो जिना चढू लागला की समोरून येणाऱ्याला मागे फिरावं लागे. आणि हा पैलवान ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जनबाईंसमोर बसला होता, तेव्हा खुर्चीच्या अगदी कडेवर, उठून पळायच्या बेतात होता.

बारा वर्षांपूर्वी त्याचं अपेंडिक्स फुटलं होतं. पोट उघडून धुतलं, टाके घातले, तो खडखडीत बरा झाला. पण आतली जखम भरताना आतड्याचा एक वेढा पोटाच्या भिंतीला चिकटून बसला. गेल्या सहा महिन्यांत तीनदा पोट फुगलं, कळांनी जीव नकोसा झाला, हिरव्या उलट्या झाल्या. दोनदा नाकातून नळी घालून, उपाशी ठेवून भागलं. तिसऱ्यांदा भागेना.

त्याचे वडील असेच गेले होते. त्यांनी कळ आली तरी अपचन म्हणून दोन दिवस अंगावर काढलं. दवाखान्यात नेईपर्यंत आतडं काळं पडलं होतं.

"तुम्ही चिकटलेलं सोडवणार," पैलवान म्हणाला, "पण त्यासाठी पुन्हा कापणार. कापलं की पुन्हा चिकटणार. मग हे संपणार कधी?"

"प्रश्न रास्त आहे," सर्जनबाई म्हणाल्या. "दुर्बिणीतून करते, म्हणजे छेद लहान. आतडी कोरडी पडू देत नाही, ओढाताण करत नाही, रक्त साचू देत नाही. शेवटी सोडवलेल्या जागेवर एक पातळ पडदा अंथरते. जखम भरेपर्यंत तो मध्ये राहतो, मग आपोआप विरघळतो."

"म्हणजे चिकटणार नाही?"

"शक्यता कमी होते. अजिबात चिकटणार नाही, असं मी सांगणार नाही."

पैलवानाने शेजारी बसलेल्या ताईकडे पाहिलं. बायको घर सांभाळायला मागे राहिली होती, दवाखान्यात ताईच सोबत होती; आईमागे तिनेच त्याला वाढवलं होतं. ती म्हणाली, "खोटं बोलत नाहीत, हेच बरं आहे रे."

त्याला ते मुळीच बरं वाटलं नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्या दिवसापासून मात्र सर्जनबाई रोज सकाळी एकच प्रश्न विचारू लागल्या, "गॅस सुटला का?" तो सुटला, की आतड्यांचं काम सुरू झालं म्हणायचं. पैलवान कानात प्राण आणून पोटाचा आवाज ऐकत पडे. पोट गप्प. नर्स चालायला सांगे, तर हा पलंगाची कड धरून बसे. पाऊल टाकलं आणि पडदा सरकला तर? टाके उसवले तर?

तिसऱ्या दिवशी प्रश्न आला तेव्हा त्याच्या मनात एकच आलं: नाही म्हटलं, तर पुन्हा आत नेतील.

"सुटला," तो म्हणाला. "पहाटेच."

सर्जनबाई खूश झाल्या. नाकातली नळी निघाली, पातळ सूप आलं. दुपारपर्यंत पोट टम्म फुगलं. अंगाला दरदरून घाम सुटला, तरी तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. ताईने चादर सारखी करायला हात घातला आणि तिथेच थबकली.

"हे काय? दगड झालाय पोटाचा!"

"हळू बोल ना."

"गॅस खरंच सुटला होता?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. चाळिशी उलटलेला धिप्पाड माणूस मान हलवत म्हणाला, "ताई, मला बाबांसारखं मरायचं नाही गं."

"बाबांनी सांगितलं नाही, म्हणून गेले," ताई म्हणाली. "तूही तेच करतोयस, वेड्या!"

ती धावत जाऊन सर्जनबाईंना घेऊन आली. नळी परत नाकात गेली, पोटाचा एक्स-रे फोटो काढला गेला. तो येईपर्यंतचा तास पैलवानाने ताईचा पदर मुठीत धरून काढला.

"कुठेही अडकलेलं नाही," सर्जनबाई फोटो पाहून म्हणाल्या. "आतडी सुस्तावली आहेत, एवढंच. आज मी तुमच्यावर फार चिडले आहे, ते मागाहून बोलू. आधी उठा. चालल्याने ती जागी होतात. आणि पडदा सरकेल म्हणून घाबरत होता, असं ताई म्हणाल्या; तो चालण्याने सरकत नाही, हे त्या दिवशीच विचारायचं होतं."

तो उठला. एका हाताने सलाइनचा खांब, दुसऱ्याने ताईचा खांदा. व्हरांड्याची सात पावलं, परत सात. संध्याकाळी वीस. पाचव्या दिवशी सकाळी औषधांच्या खोलीपाशी तो एकदम थांबला. ताईचा चेहरा पांढरा पडला. मग असा दणदणीत आवाज झाला, की आतल्या नर्सने दार उघडून बाहेर डोकावलं.

"पैलवान," ती म्हणाली, "हा मात्र खरा वाटतोय."

ताई हसता हसता रडायला लागली. पैलवानाला हसवेना, टाके ओढत होते.

आठव्या दिवशी तो घरी गेला. दोन महिने झाले, पोट शांत आहे. पण जेवण थोडं जड झालं, कुठे बारीकशी कळ उठली, की हातातली कानस खाली राहते. तो घड्याळ बघतो, पोटावर हात ठेवून बसतो. मग बायकोला हाक मारून सांगतो, "ऐकलंस का, दुखतंय." तीही काम टाकून शेजारी येऊन बसते. कळ जाईपर्यंत ती तिथून हलत नाही.