उभ्याने शिवलेला कोट

शिंप्याची सून डॉक्टर होती आणि नेमकी तीच त्याची अडचण होती. दुखणं चारचौघांत नाव काढण्यासारखं नव्हतं, सुनेपुढे तर मुळीच नाही.

सगळा जन्म मशीनवर बसून गेलेला. पाणी प्यायचा त्याला आळस, कारण प्यायलं की काम टाकून उठावं लागे. पोट साफ व्हायचं नाही, म्हणून सकाळी पेपर घेऊन संडासात शिरायचा तो छोट्या जाहिरातींपर्यंत वाचूनच बाहेर यायचा. मग एके दिवशी रक्त दिसलं. लालभडक, आणि दुखलं तर काहीच नाही. थोरला भाऊ आतड्याच्या कॅन्सरने गेला होता, त्याचंही असंच सुरू झालं होतं. शिंप्याने मनाशी निकाल लावला आणि तोंडाला कुलूप घातलं.

पुढे पुढे बसलं की खाली जडावल्यासारखं होई, बसणंही नको झालं. एका वकिलाच्या कोटाचं सगळं हातकाम त्याने टेबलाशी उभ्याने केलं. बायकोने विचारलं, तर पाठ धरलीय म्हणून मोकळा झाला. पण जिना चढताना धाप लागू लागली, ती काही लपेना. सुनेने त्याची खालची पापणी ओढून पाहिली, ती पांढरीफटक होती. रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन फारच उतरलेलं.

घरी सगळ्यांदेखत विचारणं तिने टाळलं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नाही असं बघून आली आणि स्टूल ओढून बसली.

"बाबा, रक्त कुठून जातंय?"

त्याने कात्री उचलली, परत ठेवली. "तुला कसं सांगू, पोरी?"

"सांगू नका. नुसती मान हलवा. शौचाला जाताना?"

मान हलली. आपण स्वतः तपासणार नाही, आपल्याला शिकवलेल्या मोठ्या डॉक्टरांकडे, सरांकडे नेऊ आणि बाहेर बसू, असं तिने सांगून टाकलं.

"आणि दादाला झालं तेच निघालं तर?"

"निघू शकतं," ती म्हणाली. "कदाचित नाहीही निघणार. बघितल्याशिवाय मलाही कळायचं नाही."

तिने उगाच धीर दिला नाही, याचाच त्याला धीर आला. त्याने दुकान बंद केलं.

सरांनी तपासलं. घरात कॅन्सर होऊन गेलेला, म्हणून दुर्बिणीने आतडंही पाहिलं. आतडं स्वच्छ होतं. होती ती आतली मूळव्याध. कोंबांना रबराच्या बारीक रिंगा बसवून त्याला त्याच दिवशी घरी सोडलं. भाज्या, फळं आणि कोंड्यासकट पिठाच्या पोळ्या खा, पाणी भरपूर प्या, कुंथू नका, आत रेंगाळू नका, आणि तासन् तास मशीनला चिकटून बसू नका, असं बजावलं. रक्त भरून यायला दिलेल्या लोहाच्या गोळ्यांनी शौचाला घट्ट होतं, तेव्हा पाण्यात हयगय नको, हेही सांगितलं.

बायकोने हे सगळं ऐकून घेतलं आणि दोन दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली. दुखण्याचा तिला राग नव्हता, लपवल्याचा होता. पेपर मात्र तिने उशीखाली दडवून ठेवला.

रिंगा आणखी एकदा घालाव्या लागल्या, मग रक्त थांबलं. हळूहळू चेहऱ्यावर रंग आला.

सरांनी जाता जाता आणखी एक सांगितलं होतं: भावाच्या मुलानेही आतडं तपासून घ्यावं. शिंप्याने बरेच दिवस चालढकल केली, शेवटी फोन लावला. जीभ अडखळली, तरी त्याने स्वतःचं सगळं पहिल्यापासून सांगितलं. पुतण्या आधी हसला. मग त्याने विचारलं, "काका, तुमचे ते डॉक्टर कधी भेटतात?"