डाव्या अंगाची तिसरी जोडी

मी लेझीम बोलतेय. आवाज जरा फाटका आहे, सांभाळून घ्या. सोळा चकत्यांतल्या दोन पडल्यात आणि उरलेल्या चौदांचं आपसात पटत नाही.

आधी माझं घराणं सांगते, म्हणजे पुढं माझा तोरा ऐकून तुम्ही दबणार नाही. दांडा बाभळीचा, मोडक्या कुळवातून उरलेला. साखळी एका म्हाताऱ्या बैलाच्या गळ्यातली. आणि चकत्या राकेलच्या डब्याच्या पत्र्याच्या. आमच्या वाटूरच्या लोहारानं हे सगळं एका दुपारी जुळवलं आणि भुजंगच्या हातात दिलं. एवढ्यावर मी स्वतःला तलवारीची धाकटी बहीण समजायला लागले. म्हणायचे, आपण मर्दाच्या मुठीतली चीज. बायकांनी आपल्याला हात लावायचा तो फार तर धूळ पुसायला.

भुजंग माणूस लाख. नांगर सरळ धरायचा, शब्द सरळ बोलायचा, फक्त ताल तेवढा वाकडा. हलगी एकीकडं जायची आणि त्याचा पाय दुसरीकडं. गावच्या लेझमीच्या फडाचा वस्ताद होता त्याचा थोरला चुलतभाऊ रखमाजी. तो सगळ्यांसमोर म्हणायचा, "भुजंग्या, तू नाचून राह्यला का चिखल तुडवून राह्यला?"

मग भुजंग लाजून खळ्यावर यायचा. तिथं त्याची बायको गोजरबाई जोंधळा उफणत असायची. तालमीत शिकवलेले हात तो तिला दाखवायचा, म्हणजे विसरू नये म्हणून. समोर जोडीला कुणीतरी लागतं, तर तीच उभी राहायची, हातात माझ्याऐवजी खराटा घेऊन. चार दिवसांत असं झालं की तो विसरायचा आणि ती सांगायची. "अवो, डावा पाय आधी. हलगीची वाट बघा, तिच्या म्होरं पळू नका." सात वर्षं हे चाललं. दर जत्रेला भुजंग म्हणायचा, यंदा मानाचा फेटा आपल्या घरात आणतोच बघ. आणि दर जत्रेहून नुसत्या रेवड्या आणायचा. मी एवढी तलवारीची बहीण, पण मला वाजवायचं कसं हे ठरत होतं खराट्यावर. ही गोष्ट मी कुणाला सांगत नव्हते.

आमच्या म्हसोबाच्या जत्रेत लेझमीची स्पर्धा असायची आणि तिचा रिवाज सगळ्या मुलखात वेगळा. पंच मैदानाकडं पाठ करून बसायचा. लांबच्या हसनाबादहून बद्रीनाथबुवांना बोलवायचे, खाटेवर बसवायचे, तोंड पिंपळाकडं. कोण कुणाचा पोरगा, कुणाचा फेटा भारी, कोण गोरा, कोण काळा, काही बघायचं नाही. नुसतं ऐकायचं. आधी फड खेळायचे, मग बरोबरीच्या फडांतल्या एकेक जोड्या, नुसतं गाव आणि जागा पुकारून. ज्या जोडीचा आवाज फुटला नाही, तिचा फेटा.

त्या साली जत्रा चार दिवसांवर आली आणि भुजंगच्या पायातून नारूच्या जंताचा दोरा निघायला लागला. पाय सुजून भोपळा. त्याची जोडी रखमाजीसंगं, डाव्या अंगाची तिसरी. जोडीत गडी कमी असला तर फड बाद. रखमाजी गावभर फिरला. ज्याला येत होतं तो फडात होताच, आणि बाकीच्यांना येत नव्हतं.

खाटेवरून भुजंग म्हणाला, "दादा, ह्या घरात एका माणसाला समदे हात येतात. पर तू रागावशील."

रखमाजी रागावला. खूप रागावला. मग गोजरबाईकडं न बघता, भिंतीशी बोलावं तसं बोलला, "खेळायचं तर खेळ. पर तोंडावर पदर. हसायचं न्हाई. आरोळी द्यायची न्हाई. आन् बैठकीच्या हाताला खाली बसायचं न्हाई, नुसतं उभं राह्यचं. बाईच्या जातीला ते शोभत न्हाई."

"थोरले भाऊजी," पदराआडून ती म्हणाली, "बैठकीला खाली न्हाई बसलं तर ठोका उशिरा पडतो. रोज खुरपते तवा बसतेच की मी."

"खुरपताना गाव बघत न्हाई."

"पंच बी बघत न्हाई."

आणि मी काय म्हटलं असेन? मी मनात म्हटलं, रखमाजीचं बराबर आहे. बाईच्या हातात मी? माझी काय अब्रू राहील? राकेलच्या डब्याची अब्रू!

अडचण एकच राहिली, बांगड्यांची. दोन्ही हातांत बारा बारा. त्या वाजणार आणि बुवांना कळणार. रखमाजी म्हणाला, काढून ठेव. गोजरबाईनं त्याच्याकडं अशी मान वळवली की तो स्वतःच जीभ चावून बसला. नवरा जिता असताना बांगड्या काढायला सांगायच्या! शेवटी कोपरापर्यंत चढवून वरून चिंध्या बांधल्या.

जत्रा भरली. आमचा फड उतरला तसा गलका झाला, हशा झाला. कुणीतरी ओरडलं, "रखमाजी, घरच्या लाटण्याला बी आणायचं की!" बुवांना वाटलं, सोंग आलंय. ते हलले नाहीत. हलगी सुरू झाली.

खरं सांगते, पहिल्या दोन हातांत मी आडमुठी वागले. तिनं ओढलं की मी अडायची. मग तिनं मूठ आवळली आणि मला कळलं की ही विचारत नाहीये. बैठकीचा हात आला. रखमाजी डोळ्यांनीच नको नको म्हणत होता. ती कासोटा आवरून थेट जमिनीला टेकेल अशी खाली बसली, उठली, ठोका बराबर हलगीवर. आरोळी मात्र दिली नाही. ते एक रखमाजीचं ऐकलं.

फडांत वाटूर आणि आष्टी बरोबरीत आले. मग जोड्या. आमच्या पाळीला तिच्या हातावरची चिंधी सुटली. ठोक्याला ठोका लागून एक बारीक, गोड झणकार निघायला लागला. मी हरखून गेले. वाटलं, बघा, मोठ्या मैदानात आल्यावर माझा खरा आवाज फुटला! आजवर भुजंगनं मला दाबून ठेवलं होतं!

खेळ संपला. बुवा पाठमोरेच म्हणाले, "वाटूर, डाव्या अंगाची तिसरी जोडी. फेटा तिचा. आन् तिच्यात एक लेझीम लई गुणाची हाय. कोणत्या लोहारानं केली? बघू द्या मला."

असं म्हणून वळले. समोर रखमाजीनं डोकं पुढं केलेलं, फेटा बांधून घ्यायला. स्वतःची लेझीमही त्यानंच आधी दिली. बुवांनी कानाशी हलवली. "ही न्हाई."

मग मी. छाती फुगवून गेले हो मी. बुवांनी हलवलं. खळक, खडळक, खळक. रिकाम्या डब्यात खडे टाकावेत तसं.

"ही तर बिलकुल न्हाई," बुवा म्हणाले.

माणसं हसली. मला तिथंच मातीत पुरलं असतं तरी मी उपकार मानले असते. बुवा गोंधळले. "मंग वाजलं काय?"

गोजरबाईनं हात वर केला आणि मनगट हलवलं. तोच झणकार. तेव्हा कुठं बुवांच्या ध्यानात आलं की हे सोंग नव्हे, बाई आहे.

आष्टीचा वस्ताद रामकिसन उडी मारून पुढं आला. "ही बेइमानी! बांगड्या काय बाजा हाय का? आमचे गडी तिच्याकडं बघून चुकले, ते येगळंच!"

"तुमच्या गड्यांना बघायला कुणी सांगितलं?" पदर तोंडावरून सरकला होता, तिनं तो तसाच राहू दिला. "आन् तुमच्या हातात चांदीचं कडं हाय, पायात तोडा हाय. दर ठोक्याला तोडा वाजवून तुम्ही ताल धरता. मी मागं उभी राहून ऐकलंय. तो बाजा न्हाई का?"

बुवा दाढी खाजवत म्हणाले, "बाई, चिंध्या बांधा. रामकिसन, कडं, तोडा, समदं काढून ठेव. रखमाजी, तू बी. एकेकानं खेळायचं. कोण कवा, मला सांगू नका." आणि पिंपळाकडं तोंड केलं.

रामकिसननं तोडा काढला आणि त्याचा पायच हरवला. तिसऱ्या हाताला तो हलगीच्या पुढं पळाला. रखमाजी बरा खेळला, पण पिंपळाकडं बघत बघत, जणू बुवा कधी वळतील याची भीती. शेवटी ती. आता झणकार नव्हता, नुसती माझी खळक खडळक. माझ्यासारख्या भांड्याकडून तिनं चौतीस ठोके काढून घेतले, एक पुढं नाही, एक मागं नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकलं.

"शेवटचा," बुवा म्हणाले. "आवाज भिकार, पर ताल सोन्याचा."

वळले, फेटा उचलला आणि थांबले. परक्या बाईच्या डोक्याला हात कसा लावायचा? रखमाजीचं डोकं पुन्हा जरा पुढं आलं. बुवांनी त्याला हातानं बाजूला केलं आणि फेटा तिच्या ओंजळीत ठेवला, वर नारळ. तिनं काय करावं? फेट्याची चुंबळ वळली, डोक्यावरच्या पदरावर ठेवली, चुंबळीवर नारळ ठेवला आणि पाण्याची घागर न्यावी तशी हात न लावता भर जत्रेतून घरी निघाली.

भुजंगनं खाटेवरून हात पुढं केले. "बांध माझ्या डोक्याला."

"तुमचा तुम्ही जिंका," ती म्हणाली. मग दोघंही इतकं हसले की त्याचा नारू दुखला.

पुढच्या साली गावच्या पंचमंडळीनं ठराव केला, बाईमाणसानं लेझीम खेळायची नाही. दवंडी पिटली. गोजरबाई जत्रेला आली ती मला काखेत मारून, कडेला उभी राहायला. बुवांनी निरोप धाडला, माझा डावा कान गेलाय, वाटूरच्या त्या बाईला डाव्या अंगाला बसवा.

रखमाजी तणतणत आला. "ठराव हाय, बुवा!"

"ठरावात खेळायचं न्हाई म्हणलंय," बुवा म्हणाले. "ऐकायचं न्हाई, असं कुठं हाय?"

ते ठरवायचं राहूनच गेलं होतं. बुवा गेले, त्यालाही आता सहा वर्षं झाली. खाटेवर ती एकटीच बसते, पिंपळाकडं तोंड करून. रखमाजीचा फड तिनं तीनदा बाद केला आणि एकदा फेटा दिला, कारण त्या साली ते खरंच चांगले खेळले. खेळायचा ठराव अजून उठलेला नाही. ती दर जत्रेला विचारते, पंचमंडळी दर जत्रेला घसा खाकरते.

माझं काम आता एवढंच, तिच्या मांडीवर गप बसायचं. ती माझी साखळी मुठीत दाबून धरते, कारण मी जरा हलले तरी तिच्या ऐकण्यात खोट येते. तुम्ही आलात तर एक करा. तुमच्या लेकीबाळींच्या पायांत ताल असेल तर त्यांना कडेला उभं करू नका, खाटेजवळ आणा, सगळ्या मिळून विचारतील, ठराव कधी उठवता. आणि हरलात तर तिच्या पाठीकडं डोळे वटारून उभे राहू नका, तिला दिसत नाही.

बघा, हलगी लागली. मूठ आवळली तिनं. आता माझं तोंड बंद.